नळदुर्गचे शाही वॉटर पार्क

मनोरंजन उद्यानांच्या जागतिक इतिहासात सर्वांत जुने चालू उद्यान म्हणून डेन्मार्कमधील बाकेनचा उल्लेख केला जातो. कोपनहेगनच्या उत्तरेकडील जंगलात १५८३ साली एक झरा सापडला, त्याचे पाणी गुणकारी असल्याची वार्ता शहरात पसरली, पाण्यासाठी माणसे येऊ लागली, माणसे येतात हे पाहून खेळवाले आणि खाऊवाले आले, आणि कोणत्याही पुढाऱ्याने फीत कापलेली नसताना जे उद्यान सुरू झाले ते अजून गर्दी खेचत आहे. या घटनेनंतर तीसच वर्षांनी, म्हणजे १६१३ मध्ये, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग येथे विजापूरच्या आदिलशाही घराण्यानेही पाण्याच्याच भरवशावर करमणुकीची एक व्यवस्था उभारली. तिचे बांधकाम बाकेनमधील कोणत्याही पाळण्याहून भक्कम होते, तिला वंगण लागत नव्हते, इंधन लागत नव्हते आणि मालक घरचाच असल्याने तिकीटही लागत नव्हते. तरीही वर्षातील बहुतेक दिवस ती बंद असते. किल्ल्यांच्या इतिहासात वेढे, तह आणि तोफांची लांबी यांची नोंद तपशिलाने होते, परंतु पाऊस न पडल्यामुळे एखाद्या राजघराण्याची सहल किती वेळा रद्द झाली याची नोंद ठेवण्याइतका रिकामा वेळ बखरकारांना नसावा.

माणसाने रांगेत उभे राहून, सहकुटुंब आणि सुरक्षितपणे घाबरून घेण्यासाठी केलेली सोय, अशी मनोरंजन उद्यानाची व्याख्या केली, तर नळदुर्गचा पाणी महाल तीत चपखल बसतो. बोरी ही बालाघाटच्या डोंगररांगेतून निघून पुढे भीमेला मिळणारी नदी आहे. तिच्या एका अंगाला मुख्य किल्ला आणि दुसऱ्या अंगाला रणमंडळ नावाचा जोडकिल्ला असून, या दोहोंना जोडणारा दगडी बंधारा थेट नदीच्या पात्रात घातलेला आहे. त्यामुळे वरच्या बाजूला पाणी तुंबते आणि जादा झालेले पाणी दोन सांडव्यांवरून, म्हणजे बंधारा फुटू नये म्हणून पाण्याला मुद्दाम ठेवलेल्या वाटांवरून, खाली कोसळते. या दोन प्रपातांना लोक नर आणि मादी म्हणतात. इथवरचे काम कोणत्याही जाणत्या स्थापत्यकाराला जमण्यासारखे होते. परंतु नळदुर्गच्या स्थापत्यकाराने बंधाऱ्याच्या पोटातच महाल काढला. माथ्यावरून अरुंद जिना दगडी अंधारात उतरतो आणि महिरपींच्या सज्जापाशी उजेडात येतो. नदी भरलेली असताना तेथे बसणाऱ्याच्या पाठीमागे भिंतीपलीकडे पाणी असते, बाजूने पाणी कोसळत असते, समोर तुषारांचे धुके असते, कानाशी तोंड नेऊन ओरडल्याशिवाय शेजाऱ्याला काही ऐकू जात नाही, आणि एवढ्या पाण्याच्या मधोमध बसून त्याचा अंगरखा मात्र कोरडा राहतो. चारशे पावसाळे पाहिलेल्या या खोलीत पाणी झिरपत नाही, ही गोष्ट ज्यांच्या सदनिकेच्या छतावर दर आषाढात नवा नकाशा उमटतो अशा नागरिकांनी मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे, आणि वॉटरप्रूफिंगच्या प्रत्येक ठेकेदाराला पैसे देण्यापूर्वी एकदा नळदुर्ग दाखवून आणण्यास हरकत नसावी.

महालातील फार्सी शिलालेखात बांधकामाचे श्रेय मीर मुहम्मद इमादीन याला दिलेले असून, या महालाकडे पाहताच मित्रांचे डोळे उजळावेत आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधारी यावी, अशा आशयाची इच्छाही तेथे व्यक्त केलेली आहे. जाहिरातीच्या इतिहासात इतका प्रामाणिक मजकूर दुर्मिळ म्हणावा लागेल, कारण आपल्याकडची मजा पाहून शेजाऱ्यांच्या पोटात दुखावे हा हेतू सहलीची छायाचित्रे सर्वांना पाठवणाऱ्या आजच्या कुटुंबांचाही असतो, पण तो दगडात कोरून ठेवण्याचे धैर्य कोणी दाखवत नाही.

हा बंधारा केवळ मौजेसाठी बांधला गेला असे मात्र समजू नये. नळदुर्ग हा मोक्याचा किल्ला होता; त्याच्या शिबंदीला, म्हणजे किल्ल्यात कायम ठेवलेल्या फौजेला, बारमाही पाणी हवे होते आणि शत्रूच्या वाटेत पाण्याचा अडथळाही हवा होता. तेव्हा काम संरक्षणाचे, आणि महाल ही त्याच कामातील एक किरकोळ बाब, असे एकंदर स्वरूप दिसते. विश्रामगृहाच्या दुरुस्तीत साहेबांच्या बंगल्याचा रंग बसवण्याची पद्धत ज्यांना परिचित आहे त्यांना ही रचना नवी वाटणार नाही. फरक इतकाच की त्या काळी खर्चाला मंजुरी देणारा आणि त्याचा उपभोग घेणारा एकच असल्याने हिशेबतपासणीत आक्षेप निघण्याचा प्रश्न नव्हता.

मंजुरी देणारा होता दुसरा इब्राहीम आदिलशहा, ज्याची कारकीर्द १५८० ते १६२७ अशी सत्तेचाळीस वर्षांची झाली. हा राजा गाणारा होता, ‘किताब-ए-नवरस’ हा गीतसंग्रह त्याच्या नावावर आहे, विजापूरजवळ त्याने १५९९ मध्ये नवरसपूर नावाचे नगरच वसवायला घेतले, आणि त्याच्या तंबोऱ्याचे नाव मोती खान, तर लाडक्या हत्तीचे नाव आतिश खान होते. तंबोऱ्याला खान ही पदवी देणाऱ्या राजाने बंधाऱ्यात सज्जा काढला यात आश्चर्य नाही. त्याने बंधाऱ्यात नुसता बंधाराच बांधला असता तरच अभ्यासकांना त्याचे कारण शोधावे लागले असते. नळदुर्गाची दगडी तटबंदी त्याच्या आधीच्या पिढीची, पहिल्या अली आदिलशहाच्या काळातली, आणि लोकपरंपरा तर किल्ल्याचे नाव थेट नळ-दमयंतीच्या कथेतील नळराजाशी जोडते. हा राजा द्यूतात राज्य घालवून बसला होता, म्हणजे परंपरेला मान दिला तर या स्थळाशी जोडलेली पहिली करमणूकच दिवाळखोरीत निघाली होती, असेही म्हणता येईल.

उद्यानाची सर्व यंत्रसामग्री अशी निर्दोष असताना तिचा एकच सुटा भाग बाहेरून मागवावा लागत असे, आणि तो भाग म्हणजे पाऊस. धाराशिव जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पावसाने हात सैल सोडल्यानंतर जे उरते त्यात वर्ष काढणाऱ्या पूर्वेकडील पट्ट्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. येथे मृग अनेकदा नुसता गडगडून जातो, आषाढात शेतकरी आभाळाकडे पाहतो, श्रावणात आभाळ शेतकऱ्याकडे पाहते, आणि खरा पाऊस बहुधा भाद्रपदात, परतीच्या वाटेवर, राहून गेलेले काम उरकल्यासारखा येतो. पंचांगात प्रत्येक पावसाळी नक्षत्राचे एक वाहन सांगितलेले असते; वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर पाणी चांगले आणि कोल्हा असेल तर बेताचे, असा ठोकताळा आहे. चारशे वर्षे पाणी महालाच्या उघडण्याचे वेळापत्रकही प्राण्यांच्या याच तबेल्यावर अवलंबून राहिलेले आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारी पिढी या भागात अजून आहे, आणि एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात ओसंडून वाहणाऱ्या पाण्यावर चालणारे उद्यान काढणे हा दूरदृष्टीचा अभाव होता की आशावादाचा अतिरेक, याबद्दल मतभेदाला जागा आहे.

मालक बदलले तरी ही अडचण कोणाला सोडवता आली नाही, किंबहुना नंतरच्या बहुतेक मालकांना ती अडचण वाटलीही नाही. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर जिंकले आणि ज्या एका कुटुंबासाठी हे कौटुंबिक उद्यान काढलेले होते ते कुटुंबच राज्यावरून गेले. नव्या मालकांना दख्खनमध्ये पुढची वीस वर्षे मराठ्यांनी इतके कामात ठेवले की सज्ज्यात बसून धबधबा पाहण्याची सवड त्यांना मिळाली असेल हे संभवत नाही. त्यांच्यामागून किल्ला हैदराबादच्या निजामाकडे आला. १८५३ मध्ये निजामाने कंपनी सरकारच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी आणि थकलेल्या देण्यापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला; म्हणजे शिपायांच्या पगाराच्या थकबाकीत नर आणि मादी हे दोन्ही धबधबे गहाण पडले. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, आणि गहाणातून सुटून आलेली वस्तू जशी पुन्हा कपाटात जाते तसा किल्ला पुन्हा निजामाच्या दप्तरात गेला.

या गहाणकाळात मात्र उद्यानाला एक रसिक प्रेक्षक लाभला. १८३९ मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लिहून गाजलेला कर्नल मेडोज टेलर १८५३ पासून १८५७ पर्यंत या जिल्ह्याचा कारभार पाहत होता आणि नळदुर्गच्या किल्ल्यातच राहत होता. त्याच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने या स्थळाचे मन लावून वर्णन केलेले आहे. सारावसुली, रस्ते, तंटे आणि पुढे सत्तावन्नची धामधूम हे सर्व अंगावर घेऊन धबधब्यासाठी वेळ काढणारा महसुली अधिकारी ही प्रशासनाच्या इतिहासातील तशी विरळच व्यक्ती होय. विसाव्या शतकाच्या आरंभी जिल्ह्याचे मुख्य ठाणे नळदुर्गहून धाराशिवला गेले आणि अधिकाऱ्यांची ही सोयही संपली. यथावकाश धाराशिवचे उस्मानाबाद झाले आणि अलीकडे उस्मानाबादचे पुन्हा धाराशिव झाले, तरी पर्जन्यमान होते तसेच राहिले.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी, हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या पोलीस कारवाईच्या पहिल्याच सकाळी, सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेने नळदुर्ग घेतले. महिना नेमका धबधब्याच्या हंगामाचा होता. पण फौजेला हवा होता तो बोरीवरचा पूल, आणि तो तिने सुरुंग उडण्यापूर्वीच शाबूत ताब्यात घेतला. पाणी महालाच्या शेजारी आलेली आणि त्याच्याकडे न पाहता पुढे गेलेली ही बहुधा सर्वांत मोठी सहल असावी.

आधुनिक काळातील मनोरंजन उद्यानांचे आयुष्य याच्या तुलनेत फारच तोकडे ठरले. एशियाडच्या हत्तीचे नाव घेऊन १९८४ मध्ये दिल्लीत निघालेले अप्पू घर २००८ मध्ये बंद झाले. ज्याच्या जाहिरातीने महाराष्ट्रातील एका पिढीच्या बालपणी मे महिन्यात घराघरांत तंटे लावले ते गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू होऊन २०२२ मध्ये लोकांसाठी बंद झाले. असे उद्यान बंद पडले की त्याचे लोखंड भंगारात जाते आणि जमिनीवर इतरांचा डोळा असतो. पाणी महालाचे तसे झाले नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नाही आणि बंधारा उचलून नेता येत नाही. किल्ला राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. मधल्या काळात शासनाच्या स्मारक संगोपन योजनेखाली तो एका खासगी कंपनीकडे सोपवला गेला, बाग झाली, नौकाविहार आला, आणि इब्राहीम आदिलशहाच्या उद्यानात जनतेचीही सोय झाली. तथापि आता नदीच्या वरच्या अंगाला बोरी प्रकल्पाचे धरण उभे आहे. आधी ते तुडुंब भरायचे, मग त्याच्या सांडव्यावरून पाणी सुटायचे आणि त्यानंतर नर-मादीची पाळी येणार, असा क्रम ठरून गेला आहे. यात तक्रारीला जागा नाही, कारण धरणातले पाणी पिण्याला आणि पिकाला जाते आणि तहानलेल्या मुलखात राजाच्या सज्ज्याने रांगेत शेवटी उभे राहावे हेच न्यायाचे आहे.

पावसाची वाट न पाहणारे एक उद्यानही नळदुर्गला दरवर्षी भरते, आणि ते भरते खंडोबाच्या कृपेने. नळदुर्गजवळचे मैलारपूर आणि शेजारचे अणदूर या दोन ठिकाणी खंडोबाची मूर्ती एकच असून, देव वर्षातील बहुतेक काळ अणदूरला आणि सुमारे पावणेदोन महिने नळदुर्गला राहतो. देव नेण्या-आणण्याच्या वेळी दोन्हीकडच्या मानकऱ्यांमध्ये रीतसर लेखी करार होतो. घरमालक आणि भाडेकरू यांच्यातील करारनामे अकरा महिन्यांतच कसे विस्कटतात हे पाहणाऱ्यांनी या कराराचा आदरपूर्वक अभ्यास करावा. देवाच्या या मुक्कामात, पौष पौर्णिमेला, मोठी यात्रा भरते आणि अशा प्रत्येक यात्रेच्या मागोमाग ट्रकमधून पाळणेवाले येतात. त्यांचे उद्यान दोन दिवसांत उभे राहते आणि देव हलण्याआधी मोडून पुढच्या गावच्या वाटेला लागते, त्यामुळे ते ‘बंद पडले’ असे म्हणण्याची संधी ते कोणालाही देत नाही.

आकाशपाळणा, म्हणजे आडव्या कण्याभोवती उभ्याने फिरणारे आणि पेट्या टांगलेले अजस्र चाक. शिकागोच्या १८९३ च्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस याने उभारलेले २६४ फूट उंचीचे चाक हा त्याचा प्रसिद्ध पूर्वज. तो १९०६ मध्ये सुरुंग लावून पाडावा लागला, तर यात्रेतील पाळणा पान्याने नटबोल्ट सैल करून उतरवता येतो, यावरून तंत्रज्ञानाची प्रगती ध्यानात यावी. चाकाचा तोल राहावा म्हणून पाळणेवाला समोरासमोरच्या पेट्या आळीपाळीने भरतो, आणि हे करताना तो रांगेतील माणसांचे वजन नुसत्या नजरेने अशा अचूकपणे जोखतो की एखाद्या सासूबाईंच्या समोरच्या पेटीत तीन पोरे आणि एक जावई बसवले गेले, की त्याचा अर्थ सर्वांना कळतो आणि कोणी बोलून दाखवत नाही. पलीकडे मौत का कुआँमध्ये, म्हणजे फळ्यांच्या उभ्या विहिरीत, मोटारसायकलवाला भिंतीवर आडवा फिरत कठड्यावरून पुढे केलेल्या नोटा बोटांनी टिपत जातो. वर उभ्या असलेल्या बापाने एका हातात पोराची मानगूट आणि दुसऱ्या हातात दहाची नोट धरलेली असते, आणि दोन्हीपैकी नेमके काय सोडायचे याचा निर्णय त्याला क्षणात घ्यावा लागतो.

व्यवस्थापनाच्या दृष्टीने खेदाची गोष्ट अशी की ही दोन उद्याने कधी एकत्र भेटत नाहीत. धबधबा भाद्रपद-आश्विनातला आणि पाळणा पौषातला, त्यामुळे पाळण्याच्या वेळी नदी ओसरलेली असते आणि नदी वाहते तेव्हा पाळणेवाले दुसऱ्या मुलखात असतात.

तरीही ज्या वर्षी सप्टेंबरात बोरी धरण भरते त्या वर्षी बातमी सोलापूरपर्यंत पोहोचायला एक रात्र पुरते. दुसऱ्या दिवशी रविवार असेल तर सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर दुचाक्यांची रीघ लागते. एकेका दुचाकीवर चार माणसे, एक डबा आणि एक छत्री, अशी ही कुटुंबे नळदुर्गात उतरतात. डब्यात धपाटे असतात, सोलापूरची शेंगाची चटणी असते, दह्याचे भांडे गळालेले असते आणि ते कोणी भरले होते यावर धबधब्याच्या आवाजालाही मागे सारणारी चर्चा चालते. आजोबा ‘यंदा पाणी कमीच, त्र्याऐंशी साली याच्या दुप्पट होते’ असे सांगतात, आणि त्यांना खोटे ठरवील असा कोणी हयात साक्षीदार जवळपास नसतो. एक काका कॅमेरा कोरडा ठेवण्यासाठी स्वतः भिजतात. एक मुलगा आत राजा कुठे झोपत असे हे विचारतो, आणि महालात पलंग नव्हता हे कळल्यावर त्याचा राजेशाहीवरील विश्वास उडतो. मीर इमादीनच्या शिलालेखातील मित्र कोण आणि शत्रू कोण याचा निकालही येथेच लागतो: ज्यांना तुषारांजवळची कोरडी जागा मिळालेली असते त्यांचे डोळे उजळलेले असतात, आणि जे उशिरा आल्यामुळे मागे चिखलात उभे असतात त्यांच्या डोळ्यांपुढे खरोखरच अंधारी आलेली दिसते. ज्या सज्ज्यासाठी एका सुलतानाला नदी अडवावी लागली त्या सज्ज्याचे सुख धपाटे खात घेणारी ही गर्दी हाच त्या बांधकामाचा सर्वांत योग्य वारस होय, आणि सर्व मालकांपैकी त्याचा खरा उपयोग तिलाच समजलेला आहे.

नळदुर्ग सोलापूरहून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर, सोलापूर-हैदराबाद महामार्गाला लागूनच आहे. जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी बोरी धरण भरून वाहू लागले आहे की नाही याची नळदुर्गातील कोणा ओळखीच्या माणसाकडून खात्री करून घ्यावी, आणि डबा दोन्ही परिस्थितींत बरोबर ठेवावा. पाणी नसल्यास तुळजापूर तेथून तासाभराच्या वाटेवर आहे, आणि तेथील दर्शन पावसावर अवलंबून नाही.